अमावस्या, मन आणि संकल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमावस्या जवळ आली की व्हॉट्सॲपवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरू लागतात. एकात 'आज घराबाहेर पडू नका, नवीन काही करू नका' असा दम असतो. दुसऱ्यात 'आज विश्वाकडे जे मागाल ते मिळेल, वहीत दहा इच्छा लिहा' असं आमंत्रण असतं. आमच्याकडे कुंडली घेऊन येणारी माणसं बहुतेक या दोन मेसेजांच्या मध्ये कुठेतरी अडकलेली असतात. त्यांचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. ज्योतिष ही परंपरेने केलेली मांडणी आहे, प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं शास्त्र नव्हे. उत्तरं वाचताना एवढं गृहीत धरा.

पंचांगाच्या हिशेबाने अमावस्या म्हणजे नेमकं काय?

एक तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं बारा अंशांचं अंतर. हे अंतर ३४८ अंशांवर पोचलं की अमावस्या लागते आणि ३६० झालं, म्हणजे दोघे एका रेषेत आले, की ती संपते. चंद्राचा वेग रोज सारखा नसतो, त्यामुळे तिथी कधी वीस तासांत आटोपते, तर कधी सव्वीस तासांच्याही पुढे जाते.

यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. इंग्रजी कॅलेंडरवर 'न्यू मून' म्हणून जी वेळ दिलेली असते, ती आपल्या अमावस्येच्या समाप्तीची वेळ असते. त्या क्षणापासून शुक्ल प्रतिपदा सुरू होते. तो क्षण आणि आपला अमावस्येचा दिवस एकच धरल्यामुळे पुढचे बरेच गोंधळ होतात.

जुन्या ग्रंथांत अमावस्येचेही दोन प्रकार केले आहेत. चतुर्दशीला चिकटून आलेली, जिच्यात पहाटे बारीकशी कोर दिसू शकते ती सिनीवाली, आणि चंद्र अगदी दिसेनासा होतो ती कुहू.

मग अमावस्या ही सुरुवात मानायची की शेवट?

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर शेवट. आपले महिने अमान्त आहेत, अमावस्येला महिना पुरा होतो. उत्तर भारतात पौर्णिमान्त पद्धत आहे, तिथे महिना पौर्णिमेला संपतो आणि अमावस्या महिन्याच्या मधोमध पडते.

'न्यू मूनला नव्या गोष्टीचं बीज पेरा' ही कल्पना पाश्चात्त्य ज्योतिषातून आली आहे. विसाव्या शतकात डेन रुध्यार या फ्रान्समध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्योतिष्याने चंद्राच्या कलांना मानसिक वाढीच्या टप्प्यांचा अर्थ दिला. आज समाजमाध्यमांवर जे दिसतं त्यात त्या विचाराचा मोठा वाटा आहे. ती कल्पना चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे तिची जागा एक पाऊल पुढे आहे, इतकंच.

आपले मोठे प्रारंभ कुठे आहेत ते पाहा. फाल्गुन अमावस्या गेली की गुढीपाडवा. सर्वपित्री अमावस्या गेली की घटस्थापना. (२०२० मध्ये अधिक अश्विन आला तेव्हा मात्र मध्ये अख्खा महिना गेला.) आश्विन अमावस्येला लक्ष्मीपूजन आणि लगेच बलिप्रतिपदा, म्हणजे दिवाळीचा पाडवा. तिन्ही ठिकाणी अमावस्येला आवरासावर होते, देणं फिटतं, पितरांची आठवण निघते आणि आरंभ प्रतिपदेला होतो. गुढी कोणी अमावस्येला उभारत नाही. वैयक्तिक वाढीसाठी अमावस्या वापरायची असेल तर हाच क्रम धरा: अमावस्येला मोकळं व्हायचं, प्रतिपदेला ठरवायचं. माझ्याकडे येणारी निम्मी निराशा 'अमावस्येला इच्छा लिहिली, काहीच झालं नाही' या स्वरूपाची असते. मागचं काही न सोडता पुढचं मागितलेलं असतं.

अमावस्येच्या आसपास मन खाली जातं, हे खरं आहे का?

ज्योतिषात चंद्र हा मनाचा कारक, म्हणजे मन दर्शवणारा ग्रह. 'चन्द्रमा मनसो जातः' हे पुरुषसूक्तातलं वचन त्याच्या मुळाशी आहे. कृष्ण पक्षाच्या शेवटी चंद्र क्षीण होतो आणि सूर्याच्या बारा अंशांच्या आत आला की अस्तंगत धरतात. एरवी शुभ मानलेला हा ग्रह क्षीण झाला की पापग्रहांत मोजला जातो. त्यावरून ज्योतिषी म्हणतात की या दिवसांत मन आत वळतं, चटकन दुखावतं, जुन्या गोष्टी उकरून काढतं.

विज्ञानाचं चित्र वेगळं आहे. 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासात लोक उशिरा आणि कमी झोपतात असं दिसलं, पण ते पौर्णिमेच्या आधीच्या रात्री. अमावस्येचं नाव उगाच बदनाम आहे.

आणि तो 'समुद्राला भरती येते, शरीरात सत्तर टक्के पाणी, म्हणून मनालाही भरती' हा युक्तिवाद कृपा करून सोडून द्या. उधाण अमावस्येला येतं तसंच पौर्णिमेलाही येतं, हे कोकणातला कोणताही नाखवा सांगेल. पृथ्वीच्या दोन टोकांवर चंद्राच्या ओढीत जो फरक पडतो त्यातून भरती निर्माण होते. तेवढा फरक पडायला हजारो किलोमीटरचा पसारा लागतो. साध्या विहिरीला भरती येत नाही, तर माणसाला कुठून येणार?

तरीही अनुभव येतो त्याचं काय? काळोखी रात्र, घरात लहानपणापासून ऐकलेली भीती आणि 'आज अमावस्या आहे' हे आधीच माहीत असणं, एवढं पुरतं. अनुभव खोटा नसतो. त्याचं कारण आकाशातच असेल असं नाही.

अमावस्या अशुभ असते ना?

लग्न, वास्तुशांत, मुंज यांच्या मुहूर्तांत ती वर्ज्य आहे. शुभकार्याला चंद्रबल हवं आणि त्या दिवशी ते नसतं, हे त्याचं कारण. तिथीची देवता पितर आहेत, म्हणून दर महिन्याच्या अमावस्येला दर्शश्राद्ध (दर्श म्हणजे अमावस्या) आणि तर्पण सांगितलं आहे. पितरांच्या दिवसाला अशुभ म्हणणं मला तरी पटत नाही. वर्षातलं सर्वांत मोठं लक्ष्मीपूजन याच तिथीला होतं, त्याला कोण अशुभ म्हणतं?

गावाकडे अनेक ठिकाणी अमावस्येला औत जुंपत नाहीत, गवंडी-सुतार काम बंद ठेवतात. भीती वजा केली तर महिन्यातून एकदा बैलांना आणि माणसांना मिळणारी हक्काची सुट्टी उरते. रविवारची सुट्टी येण्याआधीची ही सोय होती.

या महिन्याची अमावस्या माझ्यासाठी कशाबद्दल आहे, हे कसं कळतं?

आधी रास काढा. अमावस्येला सूर्य आणि चंद्र एकाच राशीत असतात आणि आपल्या महिन्यांची नावं सूर्याच्या राशीशी बांधलेली आहेत. चैत्र अमावस्या मेषेत, वैशाखाची वृषभेत, ज्येष्ठाची मिथुनेत, आषाढाची कर्केत, श्रावणाची सिंहेत, भाद्रपदाची कन्येत, आश्विनाची तुळेत, कार्तिकाची वृश्चिकेत, मार्गशीर्षाची धनूत, पौषाची मकरेत, माघाची कुंभेत आणि फाल्गुनाची मीनेत. ज्या महिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक महिना. २०२६ मधला अधिक ज्येष्ठ असाच आलेला.

मग कुंडलीत ती रास लग्नापासून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीपासून, कितवी येते ते मोजा. समजा तुमचं कर्क लग्न आहे आणि आश्विन अमावस्या आहे. कर्केपासून तूळ चौथी. चतुर्थ स्थान म्हणजे घर, आई, मनाची स्वस्थता. त्या अमावस्येला घरातल्या माणसांशी काय अडून बसलंय हे पाहायचं. मेष लग्नाला कार्तिक अमावस्या आठव्या स्थानी येते, वर चंद्र वृश्चिकेत म्हणजे नीच राशीत, जिथे तो सर्वांत दुबळा मानतात. अष्टम स्थान दडपलेल्या भीतीचं आणि आजारपणाच्या धसक्याचं, त्यामुळे ही जरा जड जाते. पण खोलवर काही साफ करायचं असेल तर याच अमावस्येकडे मी बोट दाखवेन. षष्ठ स्थानी आली तर शरीर आणि दिनचर्या, सप्तमात जोडीदार, दशमात काम, द्वादशात झोप आणि एकांत. उरलेली स्थानं कोणत्याही प्राथमिक पुस्तकात मिळतील.

जन्मकुंडलीतला एखादा ग्रह अमावस्येच्या अंशांच्या अगदी जवळ असेल तर तो विषय जास्त ठळक होतो असं मानतात. तसं काही नसेल तर सरळ सोडून द्या. प्रत्येक अमावस्या तुमच्याबद्दल नसते.

ॲप 'सिंहेत न्यू मून' म्हणतं आणि पंचांग कर्क दाखवतं. कुणाचं बरोबर?

दोघांचंही, आपापल्या मोजणीने. परदेशी ॲप सायन राशी वापरतात, त्या वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य जिथे असतो त्या बिंदूपासून मोजतात. आपली पंचांगं निरयन आहेत, ती ताऱ्यांच्या आधाराने मोजतात. दोन्हींत सध्या साधारण २४ अंशांचा फरक पडला आहे, त्याला अयनांश म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला, तेव्हापासून सरकारी पंचांगात चित्रापक्ष, म्हणजे चित्रा ताऱ्यावर आधारलेले, अयनांश आहेत. 'दाते', 'कालनिर्णय' ही आपल्याकडची नेहमीची पंचांगं निरयनच. एक पद्धत धरा आणि तिच्यावर टिका. सायन रास घेऊन निरयन कुंडलीत बसवली की उत्तर हमखास चुकतं.

संकल्प नेमका कसा आणि कधी करायचा?

पूजेला बसलेल्या माणसाचा संकल्प ऐकलाय कधी? उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेतलेलं असतं. गुरुजी आधी स्थळ सांगतात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलोय तेसुद्धा. मग संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग यजमानाचं गोत्र आणि नाव. एवढं झाल्यावर, आत्ता या ठिकाणी मी अमुक कर्म करणार आहे, असं म्हणून पाणी ताम्हनात सोडायचं. कोण, कुठे, केव्हा आणि काय करणार, सगळं पक्कं. 'मला सुख मिळू दे' एवढ्यावर कुठलाही गुरुजी पाणी सोडायला सांगत नाही.

तुमचा संकल्पही असाच बांधा. 'मी स्वतःवर प्रेम करीन' यात करायचं काय ते कळत नाही. 'या शुक्ल पक्षात रोज रात्री दहाला फोन दुसऱ्या खोलीत ठेवीन' यात कळतं. एका वेळी एकच घ्या आणि तो पंधरा दिवसांत, पौर्णिमेपर्यंत, तपासता येईल इतका लहान ठेवा. पौर्णिमेला पाहायचं: झालं का, नाही तर अडलं कुठे? पुढच्या कृष्ण पक्षात अडलेलं कमी करत आणायचं.

वेळेचं सांगायचं तर अमावस्येच्या संध्याकाळी दिवा लावून थोडा वेळ बसा आणि सरत्या महिन्यातलं काय संपवायचं ते कागदावर लिहा. उधार घेतलेली वस्तू, न दिलेलं उत्तर, मनात धरून ठेवलेला राग, काहीही. यातलं एखादं त्याच दिवशी निपटवा, फोन करायचा असेल तर करून टाका. नुसतं लिहून जाळण्याची सध्या फॅशन आहे. जाळा हवं तर, पण उसने पैसे कागद जाळून फिटत नाहीत. संकल्प दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला सकाळी करा. अनेक जण द्वितीयेची कोर पश्चिमेला दिसेपर्यंत थांबतात, तेही छान.

जास्त लांबचा संकल्प असेल तर एक सोय ध्यानात ठेवा. ज्या राशीत अमावस्या झाली, साधारण सहा महिन्यांनी पौर्णिमा त्याच राशीच्या आसपास येते. आश्विन अमावस्येनंतर ठरवलेल्याचा हिशेब चैत्र पौर्णिमेला घेता येतो.

शोक किंवा जुनी जखम भरून यायला अमावस्येची मदत होते का?

होते. आपल्याकडे याची व्यवस्था आधीपासून आहे, आपण तिला 'हीलिंग' म्हणत नव्हतो एवढंच. भाद्रपदातली सर्वपित्री अमावस्या ज्यांची मृत्युतिथी ठाऊक नाही किंवा ज्यांचं श्राद्ध पंधरवड्यात राहून गेलं, त्यांच्यासाठी आहे. कोरोनाच्या काळात आपल्या माणसाचं शेवटचं दर्शनही न मिळालेली कितीतरी कुटुंबं आहेत. अशांना मी या दिवशी त्या माणसाच्या आवडीचं एक पान वाढायला सांगतो. विधी येत नसेल तरी चालतं. पान वाढताना त्याच्याबद्दल घरात मोठ्याने बोला, मुलांना सांगा. वर्षानुवर्षं ज्याचं नाव घरात कोणी काढलं नाही त्याचं नाव निघालं की रडू येतं, ते येऊ द्या.

श्रावणातली पिठोरी अमावस्या याच्या अगदी उलट टोकाची. पोळ्याच्या दिवशी बैलांचे खांदे तुपा-हळदीने शेकले जात असतात आणि घरात आई चौसष्ट योगिनींची पूजा मांडून बसलेली असते. पूजा झाली की ती खीरपुरीचं वाण डोक्यावर धरते आणि मागे न बघता विचारते, 'अतिथी कोण?' पाठीमागे उभं असलेलं मूल आपलं नाव सांगतं आणि ते वाण घेतं. आईशी बिनसलेल्या, चाळिशी गाठलेल्या माणसांना या दिवशी घरी जायला सुचवावं असं मला फार वाटतं. पाठीमागे उभं राहून स्वतःचं नाव सांगायला वय आडवं येत नाही. चंद्र मनाचा कारक तसाच मातेचाही, आणि मनाच्या कितीतरी तक्रारींची वाट तिथूनच जाते.

वर्षातल्या आणखी कोणत्या अमावस्या उपयोगाच्या?

आषाढातली दीप अमावस्या मला सगळ्यांत आवडते. समया, निरांजनं, लामणदिवे चिंचेने घासून लख्ख करायचे, पाटावर मांडायचे, कणकेचे गोड दिवे उकडून तुपासोबत खायचे. दोन तास पितळ घासण्याने डोकं जेवढं रिकामं होतं तेवढं कुठल्या ध्यानाच्या ॲपने माझं झालेलं नाही. या दिवसाची ओळख आता 'गटारी' एवढीच उरत चालली आहे, त्याबद्दल काय बोलावं!

पौषातली मौनी अमावस्या मौनासाठी. उत्तरेत तिला माघातली म्हणतात, प्रयागला त्या दिवशी मोठं स्नान असतं. दिवसभर जमत नसेल तर दुपारपर्यंत बोलू नका आणि फोनवर टाइपही करू नका. अमावस्या सोमवारी आली की सोमवती. जेजुरीला खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हा नदीवर स्नानाला निघते आणि रस्ता भंडाऱ्याने पिवळा होतो. एकट्याने आत वळणं ज्यांना झेपत नाही त्यांनी या गर्दीत जावं.

माझा जन्म अमावस्येचा आहे. दोष आहे का?

ग्रंथांत दर्शजननशांती सांगितली आहे, घरच्यांच्या समाधानासाठी ती केली तर बिघडत नाही. कुंडलीत सूर्य-चंद्र एकत्र असतील तर इच्छा आणि भावना एकाच दिशेला ओढतात असं फळ सांगतात. अशी माणसं एकाग्र असतात, पण स्वतःकडे बाहेरून पाहणं त्यांना कठीण जातं. विश्वासू मित्राचं मत विचारत जाणं हा त्यावरचा उपाय. 'अमावस्येचं पोर' म्हणून कुणाला हिणवत असतील तर तो दोष हिणवणाऱ्याचा.

सूर्यग्रहण असलेल्या अमावस्येला संकल्प करावा का?

सूर्यग्रहण अमावस्येलाच होतं, पण चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दर अमावस्येला होत नाही. २ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण नेमकं दीप अमावस्येला येतं, महाराष्ट्रातून ते खंडग्रास दिसेल. परंपरेत ग्रहणकाळ जप आणि दानाचा आहे, आरंभाचा नाही. नवा संकल्प दोन-चार दिवस पुढे ढकला. ग्रहण पाहायचं असेल तर योग्य चष्म्यातूनच पाहा, उघड्या डोळ्यांनी नको.

पितृदोष, करणी, उतारा यांसाठी हजारो रुपये सांगितलेत. द्यावेत का?

नाही. भीती दाखवून, मुदत घालून जो पैसे मागतो तो तुमचं भलं करत नाही. दर्शश्राद्धाला तीळ, पाणी आणि दर्भ लागतात, बाजारात काही शेकड्यांच्या वर जात नाही. जादूटोण्याचा धाक घालून कोणी लुबाडत असेल तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसांत तक्रार करता येते.

अमावस्येचे विधी सुरू केले तर गोळ्या किंवा समुपदेशन थांबवता येईल?

अजिबात नाही. झोप उडणं, आठवडेच्या आठवडे उदास वाटणं, जगणं नकोसं होणं यावर कुंडली हा इलाज नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. 'टेली मानस' ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, ग्रहमान कितीही चांगलं असो.

अमावस्या दोन दिवस दाखवते तेव्हा कोणता दिवस धरायचा? आणि परदेशात?

कर्मानुसार दिवस बदलतो. लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळातली, म्हणजे सूर्यास्तानंतरची अमावस्या लागते, श्राद्धाला अपराह्णातली, म्हणजे दुपारनंतरची. २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी दिवाळीत यावरून देशभर वाद झाला. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी अनुक्रमे १ नोव्हेंबर आणि २१ ऑक्टोबर हे दिवस दिले होते. वैयक्तिक संकल्पाला एवढी काटेकोर गरज नाही, सूर्योदयाला जी तिथी असेल ती धरा.

सूर्य-चंद्र युतीचा क्षण साऱ्या जगासाठी एकच असतो, घड्याळं वेगळी असतात. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्यांनी भारतातली तारीख तशीच उचलू नये. तिथल्या सूर्योदयानुसार अमावस्या पुष्कळदा एक दिवस आधी येते. आपल्या शहराचं नाव टाकून पंचांग पाहा. आईने पुण्याहून फोन करून 'आज अमावस्या आहे, लक्षात आहे ना?' असं विचारलं, तर तुमच्याकडे ती आदल्या दिवशीच होऊन गेलेली असू शकते.